घेणारी की देणारी

उगम चाचणी आमच्या गावात आली त्या वर्षी औषध केंद्रातल्या बायका एका बाकावर बसेनाशा झाल्या.

त्याआधी सगळ्या एकत्रच बसत. आमचं गाव यंत्रमागांचं. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एच.आय.व्ही.चं औषध केंद्र आहे आणि त्याच व्हरांड्याच्या कोपऱ्यात माझं टेबल. पाटीवर लिहिलंय, ‘मोफत कायदेशीर सल्ला, अ‍ॅड. उज्ज्वला शेडबाळे’. ही जागा मी भांडून मिळवली होती. कोर्टाच्या आवारातल्या मोफत सल्ला केंद्रात यातली एकही बाई फिरकायची नाही, कारण तिथं निम्मं गणगोत तारखेला आलेलं असतं. औषधाला मात्र प्रत्येकीला यावंच लागतं. मग वकिलानंच औषधापाशी जाऊन बसावं, हे सुचायला काही मोठी अक्कल लागत नाही. बायका गोळ्या घ्यायच्या, माझ्यापाशी घटकाभर टेकायच्या आणि कुणाचं रेशनकार्डावरचं नाव, कुणाची पेन्शन, कुणाला दिरानं घराबाहेर काढलेलं, अशी कामं चहाबरोबर मार्गी लागायची. कुठून झालं, कुणामुळे झालं, हे त्या बाकावर कुणी कुणाला विचारत नसे.

उगमचं शास्त्र तसं सुंदर आहे. हा विषाणू नक्कल करण्यात फार गबाळा. माणसाच्या पेशीत शिरला की तो आपल्या प्रती काढत सुटतो आणि प्रती काढताना कुठे ना कुठे एखादं अक्षर चुकवतो. चुकलेल्या प्रतीवरून पुढची प्रत निघते, तिच्यात आणखी एक चूक. औषध सुरू केलं की हा कारखाना बंद पडतो, पण काही पेशींमध्ये जुन्या प्रती झोपून राहतात. कुणी पहिल्या महिन्यातली, कुणी पाचव्या वर्षातली. पूर्वी या झोपलेल्या प्रती वाचणं महाकठीण होतं. नव्या यंत्राला रक्ताचे चार थेंब पुरायचे. चुका किती साठल्या यावरून विषाणू या शरीरात कधी शिरला ते कळायचं, काही महिने इकडेतिकडे. आणि नवराबायकोच्या प्रती शेजारी ठेवल्या तर कुणाची फांदी कुणाच्या झाडाला फुटलीय तेही दिसायचं. माणूस मेलेला असला तरी अडायचं नाही. तपासणीसाठी कागदावर वाळवून ठेवलेले त्याच्या रक्ताचे ठिपके प्रयोगशाळेत असायचेच.

यंत्र बनवलं होतं साथीचा माग काढायला. पण कुठल्याशा जिल्ह्यात एका बाईनं उगमच्या जोरावर झटपट खटला जिंकला, वाहवा झाली आणि मदतीच्या योजनेत नवा नियम आला. जिची चाचणी ‘घेणारी’ निघेल, म्हणजे जिला नवऱ्याकडून आजार आला असं सिद्ध होईल, तिला जलद खिडकी: वकील लगेच, निकाल तीन महिन्यांत. बाकीच्यांना नेहमीची खिडकी. २०१७च्या कायद्यानं आजार असलेल्या माणसाला राहत्या घरातून काढता येत नाही आणि तो आजार कुठून आला अशी कसलीही अट त्यात नाही. पण कायद्यापेक्षा यंत्र मोठं झालं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

चाचणीचा निकाल गुप्त ठेवायचा म्हणून तो कागदावर देत नसत. समुपदेशक समोर बसवून तोंडी सांगायची आणि गरज पडली तर परस्पर कोर्टाला कळवायची. केवढी ही काळजी. आणि दोन खिडक्या मात्र एकाच व्हरांड्यात. कोण कुठल्या रांगेत उभी राहिली यावरून सगळ्यांना सगळं कळायचं. डावीकडच्या ‘घेणाऱ्या’, उजवीकडच्या ‘देणाऱ्या’. ज्यांनी चाचणीच केली नव्हती त्याही देणाऱ्यांतच जमा. रेहाना नावाची एक विणकरीण चाचणीत खरोखरच देणारी निघाली. ती दुसऱ्या महिन्यापासून औषधालाही आली नाही. मी घरी गेले तर तिनं दारातूनच मला ओळख दिली नाही. आजारानं इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते या शहाण्या यंत्रानं सहा महिन्यांत करून दाखवलं.

वैजयंता म्हेत्रे माझ्याकडे आली ती याच दिवसांत. तिशीतली, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. नवरा शशिकांत सुताच्या गाड्या चालवायचा. त्याला क्षय झाला, आणि दवाखान्यात नेल्यावर कळलं की मुळात दुखणं वेगळंच आहे आणि उशीर झालाय. तो गेला. तिची तपासणी केली तर तीही बाधित. तिला औषध वेळेवर मिळालं, तब्येत ठणठणीत राहिली, पण तेराव्यानंतर दिरानं तिची पिशवी भरून तिला भावाकडे पोचवलं. यानंच आणलं की हिनं, यावर घरात वाद व्हायचं कारणच नव्हतं. गेलेला माणूस आपला असतो, राहिलेली सून परकी. चोर सोडून संन्याशाला सुळी.

मी तिला विचारलं, तुला नेमकं काय हवंय? पोटगी, वाटा, भांडीकुंडी? तिनं मान हलवली. तिला त्या घरात परत जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

त्या घरात खाली चार माग आणि वर दोन खोल्या. सासू अक्काताई आणि ती समोरासमोर बसून कांड्या भरायच्या, मागाच्या धोट्यात घालायचं सूत नळीवर गुंडाळायचं काम. दहा वर्षं त्या दोघी अशा बसल्या. मागाच्या खडखडाटात एकमेकींचं ऐकू येत नाही म्हणून ओठांवरून बोलणं ओळखायच्या. तिला मूल झालं नाही तेव्हा शेजारणींची तोंडं अक्काताईंनी बंद केली होती. भावाच्या गावात आता इतकी शांतता होती की तिला झोपच लागेना. भावजय चांगली होती, जेवायला बोलवायची. पण आत्या काय करत असतील, गुडघा दुखतोय का, कांड्या एकट्यानं भरतायत का, हाच घोर तिच्या डोक्यात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. औषधाला आली की ती आधी त्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानापाशी उभी राहून यायची. आवाजावरून कुठला माग बंद आहे ते तिला कळायचं. हे ती मला सांगायची आणि मला उगाच खाली बघून कागद चाळावे लागायचे.

मी म्हटलं, सोपं आहे. उगम कर. तू घेणारीच निघणार, तीन महिन्यांत घरात जाशील.

ती नाही म्हणाली. मला आधी वाटलं सुईला घाबरली. मग मी चिडले. दहा बायका त्या डाव्या रांगेसाठी तडफडतायत आणि हिला आयतं मिळतंय तर नको. तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत सावकाश बोलली.

“मी घेणारी निघाले तर शशिकांत देणारा निघंल, ताई. आत्या रोज त्याच्या फोटोला हार घालत्यात. मी जिंकून आत गेले तर त्या मला ताट वाढतील. पन माझ्याकडं बगून त्यांना घास उतरायचा न्हाई.”

मी तिला पुष्कळ समजावलं. खरं ते खरं असतं, तुझ्यावर आळ आहे, तो तू का वाहायचास, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उजव्या रांगेत जाऊन उभी राहिली. भर व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. डाव्या रांगेतली एकजण दुसरीच्या कानाला लागली. मला त्या क्षणी दोन्ही खिडक्या फोडाव्यात असं वाटलं. त्याऐवजी मी अर्ज लिहायला घेतला.

उजव्या रांगेतलं प्रकरण म्हणजे मुंगीच्या पावलानं चालणार. उन्हाळा गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. संक्रांतीला तिनं तिळगूळ आणला, एक पुडी मला आणि एक पर्समध्ये तशीच. ती कुणासाठी हे मी विचारलं नाही. दिराच्या वकिलानं मधल्या काळात अर्ज टाकला: अर्जदार बाई चाचणीला तयार नाही, म्हणजे तिला लपवायचं आहे, कोर्टानं तिला उगम करायला लावावी. दीर अजित तसा वाईट माणूस नव्हता. त्याची दोन लहान पोरं होती आणि बायको घाबरट. एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, औषध नियमित घेणारीकडून तर कुणालाच धोका नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं हो हो म्हटलं. ऐकू येणं आणि पटणं यांत फार अंतर असतं.

सुनावणी बंद दालनात झाली. न्यायाधीश, आम्ही दोघी, अजित आणि त्याचा तरणा वकील, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत अक्काताई. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हात मांडीत. वैजयंतानं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मग तिच्यानं तिकडे बघवेना.

तरण्या वकिलानं चाचणीचा आग्रह धरला. मी सांगितलं की संमतीशिवाय चाचणी होत नाही, आणि घरात राहण्याचा हक्क आजार कुठून आला यावर अवलंबून नाही. कायदा करणाऱ्यांना तशी अट घालायची असती तर त्यांनी घातली असती. तो म्हणाला, निर्दोष असेल तर घाबरते कशाला? मी म्हटलं, आजारात दोषी-निर्दोष असं काही नसतं, वकीलसाहेब, तुम्हाला पडसं झालं तर मी कुणाला पकडायचं? न्यायाधीश जरा हसले. ते विदर्भातले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हा दोघांना गप्प केलं आणि थेट वैजयंतालाच विचारलं की तुम्हाला कोर्टाकडून काय पाहिजे ते तुमच्या शब्दांत सांगा.

ती उठून उभी राहिली. “मला नांदायचंय,” ती म्हणाली.

दालनात बोललेलं टिपून घेणारं यंत्र असतं. ते साक्षीतलं बोलणं कोर्टाच्या भाषेत घालून पडद्यावर दाखवतं. त्या बिचाऱ्यानं हजारो दावे वाचलेले, आणि आपल्याकडे नवरा बायकोला किंवा बायको नवऱ्याला परत बोलावते त्या दाव्याला सगळेच वकील ‘नांदायचा दावा’ म्हणतात. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘अर्जदार पतीसोबत वैवाहिक सहवास पुन्हा मिळावा अशी मागणी करते.’ त्याखाली लाल रंगात: ‘पती मयत. मागणी अग्राह्य.’

तरणा वकील खुदकन हसला. वैजयंताला वाचता येत होतं. तिचा चेहरा असा पडला की मला यंत्राची तार उपटावीशी वाटली. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी कोपऱ्यातून आवाज आला.

“काय लिवलंय त्यात?” अक्काताईंनी विचारलं.

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. अक्काताईंनी पदर मागे सारला.

“नवऱ्यासंगं न्हाई वो सायेब. माझ्यासंगं नांदायचं म्हणतीया ती.”

अजित म्हणाला, आई, तू गप बस. त्या गप्प बसल्या नाहीत. घर माझ्या नावावर हाय, त्या म्हणाल्या, आणि ती उगम का फुगम काय ती करायची न्हाई, सुनंला कुठं टोचायचं न्हाई. मग खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या, आणि बोलायचं ते संपलं असल्यासारख्या पुन्हा बसल्या. न्यायाधीशांनी स्वतःच्या हातानं पडद्यावरचं वाक्य खोडलं आणि तिथं ‘अर्जदार सासरच्या घरात राहू इच्छिते’ असं घातलं. मला तेही अपुरंच वाटलं. पण आदेश झाला: तिला घरात राहू द्यावं, कुठल्याही खोलीची, चुलीची, पाण्याची बंदी नसावी, चाचणीचा अर्ज फेटाळला.

बाहेर आलो तर अजित तरातरा मोटारसायकलीकडे गेला. आम्ही तिघी लिंबाच्या पारावर टेकलो. मी चहा सांगितला. तो आला. सासू-सुनांमध्ये माझी पिशवी होती, ती मी उचलून घेतली.

“मला ठाऊक हाय,” अक्काताई एकदम म्हणाल्या. सुनेकडे न बघता, समोर बघून. अजितनं कोर्टासाठी त्यांची सही घेतली होती, मयत मुलाच्या ठिपक्यांची चाचणी आई मागू शकते म्हणून. पुढे त्याच्या वकिलानं तो बेत सोडला, उलटं निघालं तर काय म्हणून; सून चाचणीला नकार देतेय हेच त्याला जास्त उपयोगाचं वाटलं. पण निकाल आला होता, आणि तो ऐकायला अक्काताई डोळे दाखवायला जाते सांगून एकट्याच जाऊन आल्या होत्या. समुपदेशक मुलीनं समोर बसवून सांगितलं की आजार लग्नाच्या दोन वर्षं आधीचा आहे. हे त्यांना कळून पावसाळा, हिवाळा लोटला होता. रोज वाटायचं, पोरीला बोलवावं.

“पन कुठल्या तोंडानं बोलवू?” त्या म्हणाल्या.

वैजयंता कप हातात धरून बसून राहिली. वर्षभर तिनं ज्यांच्यापासून हे लपवलं, ज्यासाठी भर व्हरांड्यात देणारीच्या रांगेत उभी राहिली, त्यांना ते ठाऊकच होतं. एका घरात असत्या तर ओठांवरून एका दिवसात कळलं असतं. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर मी रडले.

मग अक्काताई सुनेकडे वळल्या. यंत्रानं ‘कधी’ ते सांगितलं होतं. त्यांना जे हवं होतं ते त्या यंत्राला सांगता येत नव्हतं, आणि जगात एकाच माणसाकडे ते असण्याची शक्यता होती.

“लगीन करताना त्याला ठाऊक हुतं का गं?”

वैजयंतानं कप पारावर ठेवला. “न्हाई आत्या,” ती म्हणाली. “त्याला काय बी ठाऊक न्हवतं. माझ्याबरूबरच कळलं त्याला.”

अक्काताईंनी डोळे मिटले. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सुनेच्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाल्या, चल, एक माग कवाधरनं बंद हाय. दोघी रिक्षात बसून गेल्या. माझा निरोप घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पुढल्या महिन्यात वैजयंता औषधाला आली ती नव्या बांगड्या भरून. अजितच्या बायकोनं पहिला आठवडा पोरांना वर येऊ दिलं नाही, आता धाकटा तिच्याच मांडीवर झोपतो, असं सगळं तिनं सांगितलं. जेवायला दोघी एकत्र बसतात. एवढं झाल्यावर तिनं जायला हवं होतं, पण ती माझ्या टेबलापाशी बसूनच राहिली. आणि मी माझ्या वकिली खोडीनं विचारलं की शशिकांतला खरंच काही माहीत नव्हतं का?

“हुतं की,” ती म्हणाली. “लग्नाच्या आदल्या वर्षी तपासलं हुतं त्यानं, लांबच्या गावात. कुनी बगंल म्हनून औषध घेतलं न्हाई. दवाखान्यात शेवटाला त्यानंच सांगितलं मला.”

मग आत्यांना तू खोटं का सांगितलंस, मी विचारलं.

“त्यांना पोरगा पायजे हुता, ताई. मला सासू पायजे हुती.”

व्हरांड्यात दोन्ही रांगा हळूहळू पुढे सरकत होत्या. त्या खिडक्या एक करायला मला आणखी तीन वर्षं आणि एक उच्च न्यायालय लागलं, पण ती हकिकत वेगळी. वैजयंता बांगड्या मागेपुढे करत होती. म्हणाली की रोज दिवेलागणीला आत्या त्याच्या फोटोपुढे बसतात आणि म्हणतात, माझ्या लेकाला बिचाऱ्याला कळलंच न्हाई. आणि मला हो म्हणायला लागतं. एखाद्या दिवशी अगदी ओठावर येतं, आणि आत्यांना ओठांवरचं वाचता येतं, म्हणून मी तोंड फिरवून बसते.

“त्याचा लई राग येतो मला. आन् आठवन बी तेवढीच येती. ह्या घरात त्याच्याबद्दल समदं बोलता येतंय, खरं तेवढं बोलता येत न्हाई. खरं ठाऊक असनारा त्योच एकटा हुता, आन् त्यो गेला.”

मी म्हटलं, इथं बोल. तिनं पाटीकडे बघितलं आणि विचारलं, इथं कायदेशीरच बोलायचं असतंय न्हवं? मी तिला सांगितलं की अशिलानं वकिलाला सांगितलेलं वकिलापाशीच राहतं, आणि तोही कायदाच आहे. तो मी अनेक वर्षं पाळला. आता अक्काताई नाहीत, आणि नावं बदलून लिहा असं वैजयंतानं स्वतः सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे.

तिनं खुर्ची जरा पुढे ओढली आणि शशिकांतबद्दल बोलायला लागली. तो लांबच्या खेपेवरून आला की आधी मागाचा खटका बंद करायचा, तिनं आपलं बोलणं कानानं ऐकावं म्हणून. ते ऐकायला ती दिवस मोजायची. तेव्हाच त्यानं सांगितलं असतं तर ती त्याला हाताला धरून औषधाला घेऊन आली असती, ती म्हणाली, याच बाकावर दोघं बसली असती, गाव बघेना का. गोळ्यांची खिडकी बंद झाली, बायका घरी गेल्या, झाडूवाली आमच्या पायांखालून झाडून गेली. ती बोलत होती आणि मी ऐकत होते.